‘फिफ्टी-फिफ्टी’ म्हणजे किती?

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. बेव्हर्ली पार्कात इतकी वर्षं राहून हे मला ठाऊक नव्हतं. बाबांना हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या रात्री कळलं. अँब्युलन्सचा ड्रायव्हर, वॉचमन, शेजारचे काका आणि मी, अशा चौघांनी त्यांना चादरीत घालून तिसऱ्या मजल्यावर चढवलं. आई ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर छातीशी धरून मागून येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बाबा गेले.

बाबा घरी गेले. हॉस्पिटलच्या कागदांवर मात्र ते गेलेलेच नाहीत. डिस्चार्ज कार्डावर ‘डामा’ असा शिक्का आहे. डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेला डिस्चार्ज. मृत्यूचं कारण लिहून देण्याचा फॉर्मसुद्धा वेगळा असतो. माणूस हॉस्पिटलात गेला तर नमुना ४, घरी गेला तर नमुना ४अ. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ४अ भरून दिला. ज्या आयसीयूत बाबांनी नऊ दिवस काढले, त्या आयसीयूच्या खात्यावर हा मृत्यू कधीच लागणार नाही. तिथल्या हिशेबात एक पेशंट स्वतःच्या मर्जीने बाहेर पडला, एवढंच.

मर्जी कसली? नवव्या दिवशी बिलिंग काउंटरवरून फोन आला की आधी डिपॉझिट भरा, मग पुढची औषधं वर जातील. मेडिक्लेम पाचव्या दिवशीच संपला होता. महात्मा फुले योजनेच्या यादीत ते हॉस्पिटल नव्हतं. आईने पाटल्या काढून ठेवल्या तेव्हा मोठ्या आत्याने विचारलं, “अगं, पण वाचण्याचा चान्स किती आहे ते तरी विचारलंत का?” विचारलं होतं. रोज विचारलं होतं. रोज एकच उत्तर मिळालं होतं: “फिफ्टी-फिफ्टी.” पहिल्या दिवशी फिफ्टी-फिफ्टी, किडनी बंद पडायला लागली त्या दिवशी फिफ्टी-फिफ्टी, बीपी फक्त औषधांवर उभं होतं त्या दिवशीही फिफ्टी-फिफ्टी. सोबत “पुढचे ७२ तास क्रिटिकल आहेत.” ते ७२ तास प्रीपेड पॅकसारखे रिन्यू होत राहिले.

ते हॉस्पिटल वाईट होतं असं मला म्हणायचं नाही. ते वाईट होतं की चांगलं, हे मला माहीत नाही. तिथल्या डॉक्टरांनाही माहीत नाही. महानगरपालिकेला माहीत नाही, राज्याच्या आरोग्य खात्यालाही माहीत नाही. माझी तक्रार हीच आहे.

*

‘चान्स किती’ हा प्रश्न आपण असा विचारतो, जणू त्याचं उत्तर देवालाच ठाऊक असणार. पण या प्रश्नावर चाळीस वर्षांहून जास्त काळ काम झालेलं आहे. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विल्यम नॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘अपाचे’ नावाची एक गुणपद्धत मांडली आणि १९८५ मध्ये तिची सुटसुटीत आवृत्ती काढली. तिला अपाचे-टू म्हणतात. कल्पना साधी आहे. आयसीयूत आल्यापासून पहिल्या २४ तासांत पेशंटची बारा मोजमापं घ्यायची: ताप, रक्तदाब, नाडी, श्वासाचा वेग, रक्तातला ऑक्सिजन, रक्ताची आम्लता, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, लाल पेशींचं प्रमाण, पांढऱ्या पेशी आणि शुद्ध किती आहे ते. यातलं प्रत्येक मोजमाप नेहमीपेक्षा जितकं बिघडलेलं, तितके गुण जास्त. त्यात वयाचे आणि जुन्या आजारांचे गुण मिळवायचे. शून्यापासून ७१ पर्यंत एक आकडा येतो. १३ हॉस्पिटलांतल्या ५,८१५ रुग्णांवर ही पद्धत तपासली गेली. आकडा वाढत जातो तशी मृत्यूची शक्यता पायरीपायरीने वाढत जाते, हे त्यातून दिसलं.

अशीच दुसरी पद्धत १९९६ मध्ये आली. तिचं नाव ‘सोफा’. नाव ऐकून फर्निचर आठवतं, पण ती फुप्फुसं, हृदय-रक्तदाब, यकृत, मूत्रपिंड, रक्त गोठण्याची क्रिया आणि मेंदू अशा सहा संस्थांना प्रत्येकी शून्य ते चार गुण देते. एकूण २४. ही रोज मोजता येते, त्यामुळे काल नऊ होता आणि आज बारा झाला तर माणूस कोणत्या दिशेला चाललाय ते कळतं.

बाबांची फाइल मी नंतर घरी बसून पुन्हा पुन्हा वाचली. बाराच्या बारा मोजमापं त्यात होती. बिलात त्यांतल्या बहुतेकांपुढे रक्कमही होती. रक्ताची आम्लता आणि ऑक्सिजन दाखवणारी एबीजी टेस्ट तर दिवसातून तीन-तीनदा लावली होती. आमच्याकडून प्रत्येक आकड्याचे पैसे घेतले गेले, पण त्यांची बेरीज कुणी केली नाही. बेरीज करायला एक सिस्टर, एक मोबाइल अ‍ॅप आणि पाच मिनिटं पुरतात. ती झाली असती तर आत्याला ‘फिफ्टी-फिफ्टी’पेक्षा बरं उत्तर देता आलं असतं.

*

आता इथे मला स्वतःलाच थांबवलं पाहिजे. कारण हा लेख ‘डॉक्टरांनी आकडा सांगितला असता तर सगळं सुरळीत झालं असतं’ असा निघाला, तर तो खोटा ठरेल.

एक तर हा आकडा एका माणसाचं भविष्य सांगत नाही. तो शंभर माणसांबद्दल बोलतो. अपाचे-टूच्या मूळ अभ्यासात २५ ते २९ गुण असलेल्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त रुग्ण दगावले. पण त्यातले दगावणारे कोण आणि उठून घरी जाणारे कोण, हे त्या आकड्याला सांगता येत नाही. त्यामुळे ‘स्कोअर वाईट आहे, बेड देऊ नका’ असं म्हणायला हा आकडा वापरला, तर तो विज्ञानाचा मुखवटा घातलेला निर्दयपणा होईल.

दुसरं म्हणजे नुसता आकडा सांगून काही बदलत नाही, हेही तपासून झालंय. अमेरिकेत ‘सपोर्ट’ नावाचा मोठा प्रयोग झाला. त्याचा निकाल १९९५ मध्ये आला. पाच हॉस्पिटलांतल्या अतिगंभीर रुग्णांच्या डॉक्टरांना वाचण्याच्या शक्यतेचे आकडे छापून दिले आणि घरच्यांशी बोलायला खास प्रशिक्षित नर्स नेमल्या. दुसऱ्या टप्प्यात ४,८०४ रुग्ण होते. फरक? जवळजवळ शून्य. वेदना तेवढ्याच, आयसीयूतले दिवस तेवढेच, डॉक्टर आणि घरच्यांमधला अबोलाही तेवढाच. आकड्याचा कागद फाइलमध्ये गेला आणि तिथेच राहिला.

मग या आकड्याचा उपयोग काय? तो पेशंटकडे रोखायचा नसतो. तो हॉस्पिटलकडे रोखायचा असतो.

समजा, एका आयसीयूत वर्षभरात शंभर माणसं आली. त्यांचे स्कोअर बघता तीस जण दगावतील असा अंदाज निघाला. प्रत्यक्षात वीस दगावले, तर तिथे काहीतरी चांगलं घडतंय. पंचेचाळीस दगावले, तर काहीतरी चुकतंय. ‘आमच्याकडे केसेसच सिरियस येतात’ ही सबब इथे चालत नाही, कारण सिरियसपणा आधीच मोजून झालेला असतो.

नॉस यांच्या गटाने हेच करून पाहिलं आणि १९८६ मध्ये छापलं. १३ मोठी हॉस्पिटलं, ५,०३० रुग्ण. एका हॉस्पिटलात अंदाजाने ६९ मृत्यू व्हायला हवे होते, झाले ४१. दुसऱ्या एका ठिकाणी अंदाजापेक्षा ५८ टक्के जास्त मृत्यू झाले. तेरापैकी एकाकडेही साधनांची वानवा नव्हती. मग फरक कशामुळे? मशिनांमुळे नव्हे, हॉस्पिटलला मेडिकल कॉलेज जोडलेलं होतं की नाही यामुळेही नव्हे. डॉक्टर आणि नर्स एकमेकांशी कसे बोलतात, एकमेकांचं ऐकतात का, काम कसं वाटून घेतात, यावरून फरक पडत होता असा त्यांचा निष्कर्ष होता.

हे वाचलं तेव्हा मला बाबांच्या बेडशेजारची ती रात्रपाळीची सिस्टर आठवली. वयाने माझ्याहून लहान. ती तीनदा आरएमओला म्हणाली होती, “सर, लघवी कमी होतेय.” तिसऱ्या वेळी तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, “सकाळी राउंडला सांग.” कुणी सांगावं, त्याने काही फरक पडलाही नसता. पण असा फरक पडतो की नाही, हे मोजता येतं. आपल्याकडे ते मोजायचं कुणाच्या मनात नाही.

*

मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात येतं. त्यामुळे कळव्याची गोष्ट आमच्यासाठी लांबची नाही. १२-१३ ऑगस्ट २०२३ ला ठाणे महानगरपालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. त्याच काळात ठाण्याचं जिल्हा रुग्णालय पुनर्बांधणीसाठी पाडलेलं होतं आणि त्याचा भार कळव्यावर आला होता. प्रशासनाने काय सांगितलं? अनेक रुग्ण वयस्कर होते, गंभीर अवस्थेत आले होते, काही खासगी हॉस्पिटलांतून शेवटच्या क्षणी आणले गेले होते. चौकशी समिती नेमली गेली.

दीड महिन्याने नांदेड. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले आणि त्यांत बारा नवजात बाळं होती. अठ्ठेचाळीस तासांत आकडा ३१ वर गेला. पुन्हा तेच स्पष्टीकरण: शेवटच्या अवस्थेत रेफर झालेले रुग्ण. एका खासदारांनी जाऊन अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं, कॅमेऱ्यासमोर. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

‘गंभीर अवस्थेत आले होते’ हे स्पष्टीकरण खरं असू शकतं. कळव्यात ते बहुधा बऱ्याच अंशी खरंही असेल. खासगी हॉस्पिटलं पैसे संपलेला पेशंट सरकारी दारात सोडतात हे कुणाला माहीत नाही? पण खरं असेल तर ते सिद्ध करायची सोय हवी होती ना? त्या १८ जणांचे दाखल होतानाचे स्कोअर फाइलवर असते, तर एका दुपारी उत्तर मिळालं असतं. यांतल्या किती जणांचं जाणं अटळ होतं, किती जण कर्मचारी कमी असल्यामुळे गेले, आणि किती जण आधीच्या खासगी हॉस्पिटलने वेळ घालवल्यामुळे. त्याऐवजी एका बाजूला ‘सिरियस होते हो’ आणि दुसऱ्या बाजूला हातात झाडू. दोन्हीकडून आकड्याला सुट्टी.

मोजमाप नसतं तेव्हा सगळ्यांत जास्त नुकसान प्रामाणिक डॉक्टरचं होतं, हे डॉक्टर मंडळींनी लक्षात घ्यायला हवं. कळव्याच्या त्या वॉर्डात रात्रभर धावणाऱ्या निवासी डॉक्टरकडे स्वतःच्या बचावासाठी एक कागद नव्हता. खासगी हॉस्पिटलने मरणाच्या दारात आणलेला पेशंट त्याने घेतला आणि तो मृत्यू त्याच्या खात्यावर लागला. ज्यांनी ढकलला, त्यांच्या वहीत मात्र एक ‘डिस्चार्ज’ वाढला.

*

“हे सगळं श्रीमंत देशांचं. आपल्याकडे बेडच नाहीत, तिथे स्कोअर कसले मोजता?” हा युक्तिवाद मी एका डॉक्टर मित्राकडूनच ऐकला. तो उलटा आहे. साधनं कमी असतात तेव्हाच कुठे काय चुकतंय हे कळणं जास्त गरजेचं असतं. शिवाय आयसीयूत माणसं वाचवणाऱ्या बऱ्याच गोष्टी अजिबात महाग नाहीत.

दोन उदाहरणं देतो. २००० साली एका अमेरिकी अभ्यासात फुप्फुसं गंभीररीत्या निकामी झालेल्या ८६१ रुग्णांना व्हेंटिलेटर लावताना निम्म्यांना नेहमीइतकी हवा दिली, निम्म्यांना त्याच्या साधारण निम्मी. मृत्यूचं प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. मशीन तेच, फक्त सेटिंग बदललं. दुसरं उदाहरण मिशिगन राज्यातलं. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी तिथल्या शंभराहून जास्त आयसीयूंत मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच गोष्टींची यादी लावली: हात धुवा, रुग्णावर पूर्ण निर्जंतुक चादर घाला आणि स्वतः टोपी, मास्क, गाऊन घाला, त्वचा क्लोरहेक्सिडिनने पुसा, शक्यतो जांघेतली शीर टाळा, गरज संपली की नळी काढा. अट एकच होती. डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर नर्सने त्याला थांबवायचं. २००६ मध्ये छापलेला निकाल असा: नळीमुळे होणारा रक्तातला संसर्ग दर हजार नळी-दिवसांमागे सरासरी ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर आला.

साबण, चादर आणि डॉक्टरला ‘थांबा’ म्हणू शकणारी नर्स. यातलं काय मीरा रोडला परवडत नाही? पहिल्या दोन गोष्टी परवडतात. तिसरी परवडत नाही, कारण ती पदांच्या उतरंडीला धक्का लावते.

आणि परदेशातलीच उदाहरणं का? याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, आयसीयू सोडाच, दवाखानाही धड नसलेल्या गावांत हे करून दाखवलेलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना प्रशिक्षण दिलं. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झालाय का हे ओळखायला त्यांना सोपी लक्षणं शिकवली: रडणं क्षीण होणं, दूध ओढणं कमी होणं, अंग गार किंवा गरम लागणं अशी. ठरावीक लक्षणांपैकी दोन दिसली की उपचार सुरू. हीसुद्धा गुणपद्धतच आहे, फक्त रक्ततपासणीशिवायची. ३९ गावांत हे काम झालं, ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला.

त्या यशामागे अपाचेइतकीच महत्त्वाची एक सवय होती: प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजायचा, घरी झालेलासुद्धा. पुढे २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला तेव्हा सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्षात कितीतरी जास्त बालमृत्यू होत आहेत हे महाराष्ट्राला कळलं. नोंदवहीत नसलेली बाळं वहीत आली आणि सरकारला हलावं लागलं. माझे बाबा कोवळे नव्हते, त्रेसष्टचे होते. पण वहीबाहेर राहिलेले मृत्यू वहीत आणायचे, हे आपल्याच मातीत झालेलं काम आहे. कुणाकडून उसनं आणायचं नाही.

*

आक्षेप आणखी आहेत आणि त्यांतला एक खरोखर वजनदार आहे. हॉस्पिटलांचे मृत्यूचे आकडे जाहीर केले, तर हॉस्पिटलं अवघड पेशंट घेणंच बंद करतील. न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियांचे आकडे गोळा करायला सुरुवात केली. ‘न्यूजडे’ या वृत्तपत्राने कोर्टात जाऊन सर्जननिहाय आकडे मिळवले आणि १९९१ मध्ये छापले. धोका जमेस धरून काढलेला मृत्युदर १९८९ मधल्या ४.१७ टक्क्यांवरून १९९२ मध्ये २.४५ टक्क्यांवर आला. पण सर्जन जोखमीच्या रुग्णांना टाळायला लागले, अशी टीकाही तेव्हापासून होत आली आहे.

या आक्षेपाला माझं उत्तर दोन भागांत आहे. पहिला: आपल्याकडे अवघड पेशंट आजच टाळले जातात. काशीमिऱ्यावरून रात्री अँब्युलन्स तीन दारं फिरते आणि मग घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून ठाण्याला जाते, हे काय आहे? मोजमाप नसताना पेशंट टाळायला एक पैसाही खर्च होत नाही. दुसरा: धोका जमेस धरला की जास्त आजारी माणूस घेणं ही शिक्षा राहत नाही. तो वाचला तर उलट जास्त श्रेय मिळतं. मात्र एक पळवाट बुजवलीच पाहिजे. डामा आणि रेफर झालेल्या प्रत्येकाचं तिसाव्या दिवशी काय झालं हे त्याच हॉस्पिटलच्या खात्यावर लागलं पाहिजे. नाहीतर सगळ्यांत चांगला स्कोअर अशा हॉस्पिटलचा येईल, जे मरणाऱ्याला वेळेवर घरी पाठवतं.

दुसरा आक्षेप तुमच्या पिढीचा आणि माझ्याही पिढीचा: आता एआय आहे ना, ते सांगेल सगळं. सांगेल. पण त्याला शिकवणार काय? एक प्रसिद्ध उदाहरण आहे. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या नोंदींवर शिकवलेल्या एका मॉडेलने निष्कर्ष काढला की दमा असलेल्यांना धोका कमी असतो. कारण? दमेकरी रुग्णांना थेट आयसीयूत नेऊन कसून उपचार दिले जात होते, म्हणून ते जास्त वाचत होते. मॉडेलला उपचार दिसले नाहीत, फक्त निकाल दिसला. आता आपल्या नोंदी त्याला दिल्या तर ते काय शिकेल? पैसे संपलेला, किडनी बंद पडलेला, बीपी नसलेला त्रेसष्ट वर्षांचा माणूस नवव्या दिवशी ‘डिस्चार्ज’ झाला. म्हणजे बरा झाला! गरिबी हा उत्तम उपचार आहे, असं ते मॉडेल मन लावून शिकेल. खोट्या वहीवर शिकलेलं मशीन खोटंच बोलणार, फक्त जास्त आत्मविश्वासाने.

तिसरा आक्षेप हाणामारीचा. आकडे बाहेर आले तर नातेवाईक हॉस्पिटलं फोडतील. महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून कायदा आहे, तरी हल्ले थांबलेले नाहीत, ही लाजेची गोष्ट आहे. पण काचेबाहेर नऊ दिवस बसलेल्या माणसाला राग कशाचा येतो, हे मी बसून पाहिलंय. मृत्यूपेक्षा तो राग अंधाराचा असतो. आपल्याला कुणी काही सांगत नाही आणि बिल मात्र रोज सांगितलं जातं, याचा असतो. ‘कालपर्यंत स्कोअर नऊ होता, आज चौदा आहे, अशा अवस्थेतली बहुतेक माणसं वाचत नाहीत’ हे वाक्य आम्हाला सहाव्या दिवशी कुणी बसवून सांगितलं असतं, तर आम्ही रडलो असतो. काच फोडली नसती. कदाचित बाबांना दोन दिवस आधी, शुद्धीत असताना, घरी आणलं असतं.

*

मग मागायचं काय?

महाराष्ट्रात खासगी हॉस्पिटलांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते आणि शहरात ती महानगरपालिका करते. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. त्याच भिंतीवर आणखी एक कागद हवा. आयसीयू चालवणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलने, सरकारी असो की खासगी, दाखल झालेल्या प्रत्येकाचा पहिल्या चोवीस तासांतला स्कोअर नोंदवावा. तो आयसीयूतून कसा बाहेर पडला हे लिहावं: बरा होऊन, रेफर होऊन, डामा घेऊन की मृत्यू होऊन. तिसाव्या दिवशी घरी एक फोन करावा: “पेशंट कसे आहेत?” वर्षातून एकदा अंदाजित मृत्यू किती आणि प्रत्यक्ष किती हे जाहीर करावं. हे केलं नाही, तर नोंदणीचं नूतनीकरण नाही.

हे अशक्य नाही. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन ही संस्था १९९३ मध्ये मुंबईतच स्थापन झाली. तिच्या पुढाकाराने २०१०-११ मध्ये देशातल्या शंभराहून जास्त आयसीयूंतल्या चार हजारांवर रुग्णांच्या अशा नोंदी गोळा झाल्या होत्या. डॉक्टरांना हे येतं, ते आपसात करतातही. फक्त आपल्या गल्लीतल्या हॉस्पिटलचं नाव त्या तक्त्यात आपल्याला कधी दिसत नाही.

कायदा येईपर्यंत आपल्या हातात प्रश्न आहेत. ‘चान्स किती?’ विचारू नका, त्याचं उत्तर फिफ्टी-फिफ्टीच येणार. विचारा: “आजचा सोफा स्कोअर किती, कालचा किती होता?” विचारा: “अशा अवस्थेतल्या तुमच्या गेल्या दहा पेशंटपैकी किती जण घरी चालत गेले?” विचारा: “या सिस्टरकडे आज रात्री किती पेशंट आहेत?” रोजच्या केस पेपरची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि आपल्या आई-बाबांना, ते धडधाकट असताना, जेवताना सहज विचारून ठेवा की वेळ आली तर त्यांना कुठवर लढायचंय. आम्ही विचारलं नव्हतं.

मेट्रोच्या खांबांखालून मीरा-भाईंदर रोडने संध्याकाळी चालत जा. ‘२४ तास आयसीयू’ लिहिलेले चकाकते बोर्ड दिसतील. फोन उघडा. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीला किती स्टार आहेत ते कळेल. हॉस्पिटललाही स्टार असतात, पण खालचे रिव्ह्यू वाचा: पार्किंग चांगलं, एसी थंड, रिसेप्शनची मुलगी उद्धट. तिथे आत गेलेल्यांपैकी किती जण बाहेर आले आणि किती यायला हवे होते, हे कुठेच नाही.

तिसाव्या दिवशी आमच्याकडे हॉस्पिटलमधून फोन आला होता. “सर, तुमच्या अनुभवाला पाचपैकी किती गुण द्याल?” पेशंट कसे आहेत हे त्या मुलीने विचारलं नाही. तिच्या स्क्रीनवर ते डिस्चार्ज झालेले होते.